शाळेचे बूट: मुलांच्या पायाला नीट बसणारे कसे निवडता?

अबोली_वारजे

लेक तिसरीत आहे, आठ पूर्ण झाली. परवा रात्री तिचे पाय पुसताना लक्ष गेलं तर उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं आणि दोन्ही करंगळ्या शेजारच्या बोटाखाली वळलेल्या. "दुखतं का गं?" विचारलं तर म्हणाली, "सकाळी दुखतं. मग प्रार्थनेपर्यंत विसरायला होतं." ऐकून मला रडूच आलं.

बूट मीच घेतले होते, जूनमध्ये. दुकानात रविवारची झुंबड. दुकानदाराने पुढून अंगठ्याने दाबून बघितलं, "एक बोट जागा आहे ताई, वर्षभर बघायला नको" म्हणाला आणि दहा मिनिटांत आम्ही बाहेर. आता जानेवारी आहे आणि मधल्या सात महिन्यांत मी खरंच एकदाही बघितलं नाही.

तिचा पाय चवड्यात रुंद आणि टाचेला बारीक आहे. लांबीला बरोबर घेतला तर पुढे आवळतो, पुढे मोकळा घेतला तर चालताना टाच उचलली जाते. त्यात शाळेचं पत्रक: मुलींना काळे, बेल्टचे; मुलांना काळे, नाडीचे. तुम्ही मुलांचे बूट कसे बघून घेता? मापं घेता का? पुण्यात कोणी पाय मोजून बूट देतं का? आणि वर्षातून किती वेळा बदलता?

दगडफूल

नखाची फार काळजी करू नकोस. आमच्याकडे फुटबॉल खेळून झालं होतं. ते नख सुटलं, खालून नवं आलं, फक्त बरेच महिने लागले. ठणका किंवा पू असेल तर मात्र डॉक्टरकडे जा. बाकी वाचतेय, मलाही हवंय हे.

कृष्णाकाठ

आम्ही चार भावंडं. वडील जूनमध्ये सगळ्यांना एकदम दुकानात न्यायचे आणि सगळं वाढत्या अंगाचं घ्यायचे. बूट दोन नंबर मोठा. पहिल्या वर्षी पुढे कापूस, दुसऱ्या वर्षी बरोबर, तिसऱ्या वर्षी धाकट्याच्या पायात. कुणाचे पाय वाकडे झाले नाहीत. हल्ली दोन मुलांचे काळे बूट, पीटीचे पांढरे, वर पावसाळी सँडल असा हिशोब मांडला तर वर्षात दोनदा बूट घेणं प्रत्येक घराला झेपत नाही. हेही इथे कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिलं.

आंबोळी

@कृष्णाकाठ, कापूस वाचून थेट रत्नागिरीतली शाळा आठवली. आईने घातलेल्या कापसाचा पहिल्याच पावसात लाडू झाला होता आणि वाळायला चार दिवस लागले. पण मोठ्या बुटाचं एक सांगते. त्याच बुटांत शाळेच्या पायऱ्यांवर माझा पाय अडकला आणि हनुवटीला तीन टाके पडले. खूण अजून आहे. खर्चाचं तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के खरं.

हाडवैद्य

हाडांचा डॉक्टर आहे, ओपीडीत दर जून-जुलैमध्ये हे बघतो म्हणून थोडं सविस्तर.

मूल तक्रार करत नाही, याचा अर्थ बूट बसतो असा होत नाही. लहान मुलाचा पाय मऊ असतो, हाडांचा बराच भाग अजून कूर्चेचा असतो. तो बुटाच्या आकारात मुकाट्याने दुमडून बसतो. मोठ्या माणसाला जो बूट पाच मिनिटं घालवणार नाही, तो मूल सहा तास घालून येतं. म्हणून मुलाला विचारण्याबरोबरच पाय बघा. शाळेतून आल्यावर मोजे काढले की लगेच बघायचं. करंगळीच्या बाहेरच्या बाजूला, टाचेच्या मागे किंवा अंगठ्याच्या सांध्यावर लाल वळ असेल आणि अर्ध्या तासाने तो तसाच असेल, तर बूट लहान झालाय.

मोज्यांकडे कुणीच बघत नाही. आखूड मोजाही बोटं मागे खेचतो. बूट नवे आणि मोजे गेल्या वर्षीचे, असं फार घरांत असतं.

@कृष्णाकाठ, तुमचे पाय नीट राहिले याचं एक कारण मला दिसतं. तुमची पिढी शाळा सुटली की अनवाणी. पायाला दिवसातले बरेच तास मोकळे मिळायचे. घरात मुलांना अनवाणी राहू द्या, ते चांगलंच.

आठ ते चौदा वयात टाच दुखते, खेळून आल्यावर लंगडतो, अशी तक्रार वाढीमुळेही येते. टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग दुखावलेला असतो. बूट बदलून चार-पाच दिवसांत फरक पडला नाही तर दाखवून घ्या.

नाचणी_सत्व

डॉक्टर, मुलाचा तळवा सपाट आहे. वय पाच. दुकानात सांगितलं की त्याला कमानीचे खास बूट लागतील, किंमत तिप्पट. घ्यावेत का?

हाडवैद्य

@नाचणी_सत्व, त्याला चवड्यावर उभं करा आणि मागून बघा. टाच उचलल्यावर आतल्या बाजूला कमान दिसली, दुखत नसेल आणि तो पळत-खेळत असेल, तर या वयात काही करायची गरज नसते. तळव्याची कमान वयाबरोबर तयार होते. चवड्यावरही तळवा सपाटच राहिला, पाय ताठ वाटला किंवा दुखत असेल तर तपासायला न्या. दुकानाच्या सल्ल्यावर तिप्पट पैसे घालू नका.

सुकतळा

सांगली भागात आमचं चपला-बुटांचं दुकान आहे, आजोबांपासून. अबोलीताई, तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं, कारण "वर्षभर बघायला नको" हे वाक्य आमच्या काउंटरवरूनही कितीदा गेलं असेल. आत्ता मनापासून लिहितो.

पुढून अंगठ्याने दाबून बघणं फसवं असतं. शाळेच्या बुटाचं टोक कडक असतं. वरून दाब आला की मूल नकळत बोटं आखडून घेतं. तुम्हाला वाटतं जागा आहे. खरी जागा बघायची तर बुटातला सुकतळा, म्हणजे पायाखालचा आतला तळ, बाहेर काढा. बहुतेक बुटांचा निघतो. तो जमिनीवर ठेवा, मुलाला शाळेचे मोजे घालून त्यावर उभं करा, पूर्ण वजन देऊन, टाच सुकतळ्याच्या मागच्या कडेला टेकवून. सगळ्यात लांब बोटापुढे एक ते सव्वा सेंटिमीटर जागा हवी. सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. आणि करंगळी सुकतळ्याच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट कितीही लांब असला तरी अरुंद आहे. तुमच्या लेकीचं नेमकं हेच झालंय असं वाटतं.

सुकतळा चिकटवलेला असेल तर घरी कागदावर दोन्ही पाय आखा, उभं करून, पेन्सिल सरळ धरून. बहुतेकदा एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतो, मोठा धरा. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा, त्यात दहा-बारा मिलिमीटर मिळवा आणि तेवढी पुठ्ठ्याची पट्टी कापा. दुकानात पट्टी बुटात सरकवा. न वाकता टोकापर्यंत बसली तर लांबी बरोबर. मूल बरोबर नसलं तरी एवढी परीक्षा होते, पण रुंदीसाठी मूल हवंच.

आता नंबर. आपल्याकडचा नंबर ब्रिटिश पद्धतीचा. एका नंबरात एक तृतीयांश इंचाचा फरक, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणून तेरानंतर एक. युरोपीय नंबरात फरक कमी, पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. शाळेच्या बुटांत अर्धे नंबर आमच्याकडे फारसे येत नाहीत. दोन कंपन्यांचे तेरा नंबर सारखे नसतात, कारण प्रत्येकाचा फरमा, म्हणजे ज्या साच्यावर बूट बेततात तो, वेगळा. तेव्हा "हिला तेरा लागतो" असं लक्षात ठेवू नका, सेंटिमीटर लक्षात ठेवा.

आणि पाय संध्याकाळी मोजा. दिवसभरात पाय थोडा फुगतो.

वाटसरू७७

तेरा-एकची गंमत आमच्याकडे घडली. सासऱ्यांना फोनवर सांगितलं, नातवाला दोन नंबरचे काळे बूट आणा. त्यांनी तान्ह्या बाळाचे दोन नंबरचे आणले, मखमली, घुंगरू लावलेले! नातू तेव्हा चौथीत. ते बूट अजून शोकेसमध्ये आहेत.

दगडफूल

घुंगरू!! 😄

@सुकतळा, करंगळी सुकतळ्याबाहेर सांडते ही खूण मी पहिल्यांदा ऐकली. आत्ताच मुलाच्या बुटाचा काढून बघितला. सांडतेय.

लेस्टरची_ताई

इथे इंग्लंडमध्ये शाळेचे बूट म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला मोठा कार्यक्रम. क्लार्क्ससारख्या दुकानात मुलाचा पाय पट्टीवर ठेवून लांबी आणि रुंदी दोन्ही मोजतात. नंबरापुढे अक्षर असतं, ई, एफ, जी, एच, म्हणजे रुंदी. माझ्या मुलाला पहिल्यांदा एच सांगितलं तेव्हा मी चपापले, वाटलं काही दोष आहे. तिथली बाई म्हणाली, दोष काही नाही, पाय रुंद आहे एवढंच. लहान मुलांच्या बुटांवर इथे व्हॅट नाही, तरी किंमत कमी नसतेच.

मोजण्याचा सोस इथे जुना आहे. १९३० ते ५० च्या दशकांत इथल्या आणि अमेरिकेतल्या दुकानांत चक्क क्ष-किरणांचं यंत्र असायचं. मूल बूट घालून आत पाय ठेवायचं आणि वरून बोटांची हाडं दिसायची.

हाडवैद्य

आणि किरणोत्साराचा धोका लक्षात आल्यावर ती यंत्रं हटवली गेली. पुठ्ठ्याची पट्टी त्याहून कितीतरी चांगली.

सुकतळा

@लेस्टरची_ताई, रुंदीचं अक्षर आपल्याकडे शाळेच्या बुटांत बघायला मिळत नाही, हेच दुखणं. एका नंबरात एकच रुंदी येते. आमच्याकडे वडिलांनी आणलेलं ब्रॅनॉकचं पाय मोजायचं साधन आहे, अमेरिकेतल्या सिराक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉकने १९२० च्या दशकात काढलेलं. टाच खोबणीत बसवायची, बाजूची पट्टी सरकवायची, की लांबीबरोबर रुंदी आणि टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतरही कळतं. त्यात रुंद पाय कळतो. पण कळून उपयोग काय, मागच्या खोक्यांत रुंद बूटच नसतो.

पट्टीपेन्सिल

यावर देशात काम झालं आहे. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था आहे, त्यांनी देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय त्रिमितीय स्कॅनरने मोजले. त्यात दिसलं की आपले पाय एकंदर परदेशी फरम्यांपेक्षा रुंद आहेत. त्यावरून भारतीय मापांची पद्धत सुचवली, नाव 'भा'. मुलांचे वयाप्रमाणे वेगळे गट आहेत त्यात. हे माप दुकानात कधी दिसतंय याची मी वाट बघतोय. माझा स्वतःचा पाय आयुष्यभर अरुंद बुटात राहिला आहे आणि मुलाचा राहू नये असं फार वाटतं.

आंबोळी

सगळे लांबी-रुंदीवर बोलताय, कोकणातल्यांनी काय करायचं? जून ते सप्टेंबर काळे बूट म्हणजे ओल्या पिशव्या. मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, खाजवून खाजवून बेजार. गेल्या वर्षी पालकसभेत आम्ही दहा-बारा जणींनी मुख्याध्यापकांना सांगितलं, पावसाळ्यात सँडलला परवानगी द्या. दिली. फार बरं वाटलं. पावसाळी सँडलला मागे पट्टा हवा, नाहीतर मुलं घसरतात.

खडूफळा

@आंबोळी, चांगलं केलंत. ओल्या बुटात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, एकदा बदलायचे, सुकतळा वेगळा काढून वाळवायचा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवला की चामडं तडकतं आणि रेक्झिन सुटतं.

मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. इथली बाजू सांगतो. २०२३ साली शासनाने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे द्यायचं ठरवलं. मुलामागे १७० रुपये. आमच्या वर्गातली काही मुलं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बूट घालत होती. एका मुलाने दिवसभर पाय जमिनीवर जोरात टेकवून नुसता आवाज ऐकला. मला तो दिवस विसरता येत नाही.

पण नंबर कसे मागवले? इयत्तेवरून अंदाजाने. पहिलीला अमुक, दुसरीला तमुक. आले तेव्हा निम्म्यांना लहान-मोठे. मग वर्गातच अदलाबदल केली, बाजारच भरला. तरी तिघांना कुठलेच बसले नाहीत. त्यातला एक मुलगा बूट दप्तरात घालून आणायचा आणि दप्तरातच परत न्यायचा. कुणी चोरेल म्हणून घरी ठेवत नव्हता.

कृष्णाकाठ

@खडूफळा सर, दप्तरातले बूट वाचून गप्प झालो.

मी वर खर्चाचं लिहिलं ते अजूनही मनापासून आहे. पण @सुकतळा यांनी सांगितलेलं रात्री नातीच्या बुटाला करून बघितलं. पुढे अडीच सेंटिमीटर जागा! सूनबाई म्हणत होती मोठे आहेत, मीच हट्टाने घेतले होते. पोर बोटांनी बूट धरून चालते. आता काय करावं?

हाडवैद्य

@कृष्णाकाठ, पुढे कापूस घालू नका, त्याने बोटांपुढे कडक गोळा होतो. नाडीचा बूट असेल तर खाली आणखी एक सुकतळा घालून नाडी वरपर्यंत आवळून बांधा. टाच जागेवर राहिली तर तात्पुरतं चालेल. टाच तरीही उचलली जात असेल तर बूट बाजूला ठेवा, पुढच्या वर्षी उपयोगी येईल.

रापी_आरी

टाच सुटणाऱ्यांसाठी. बेल्टच्या बुटाला वरच्या पट्ट्यावर मोचीकाकांकडून आरीने एक भोक आतल्या बाजूला पाडून घ्या. टाचेच्या आत मऊ चामड्याचा तुकडा चिकटवून मिळतो. दहा मिनिटांचं काम आहे. माझे वडील हेच काम करायचे, कोल्हापुरात. चवड्यात आवळणारा बूट मात्र ताणून फार सैल होत नाही, रेक्झिनचा तर नाहीच. ताणायला आणलेले रेक्झिनचे बूट वडील परत द्यायचे आणि सांगायचे, पोराला दुसरा घ्या, माझे पैसे नकोत.

मुंबईकरांना मापाचे हवे असतील तर चेंबूरजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत बूट बनवणारे कारागीर आहेत. कागदावर पाय आखून नेलात तरी बोलता येतं.

नाचणी_सत्व

मुलींना बेल्ट आणि मुलांना नाडी, हे कुणी ठरवलं? रुंद चवडा आणि बारीक टाच असेल तर नाडीच हवी, असं मला वाटतं. अबोली, शाळेला लेखी विचार. आमच्या शाळेने तर ठरावीक दुकानाची चिठ्ठी दिली होती आणि त्या दुकानात एकच प्रकार. सीबीएसईने २०१७ मध्येच शाळांना गणवेश-पुस्तकांच्या विक्रीत पडू नका असं बजावलं आहे. ते छापून नेलं, तेव्हा "काळे बूट कुठूनही घ्या" असं उत्तर मिळालं.

वाटसरू७७

शाळेशी वाद घातला की मुलाला त्रास होतो, असा माझा अनुभव आहे. जपून.

नाचणी_सत्व

भीती मलाही होती. म्हणून वाद घातला नाही, अर्ज दिला. भांडण वेगळं आणि पायाचं दुखणं कागदावर मांडणं वेगळं.

सुकतळा

अबोलीताई, नाडी चालत नसेल तर रुंद पट्ट्याचा वेल्क्रो बघा, जो खरंच उघडतो. काही बुटांना वेल्क्रो फक्त शोभेला असतो, आत इलॅस्टिक. तो तुमच्या लेकीला नको. बूट हातात धरून वाकवा, चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मध्येच नाही. टाचेचा मागचा भाग दोन बोटांत दाबा, तो चेपता कामा नये. आणि कृपा करून जूनच्या दुसऱ्या रविवारी येऊ नका. शनिवार-रविवार सोडून कधीही संध्याकाळी या, आमच्या पोरांनाही दोन मिनिटं वाकून नीट बघता येतं.

अबोली_वारजे

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले दहा दिवस इथेच वाचत होते.

त्या रात्री जुन्या बुटाचा सुकतळा काढला. लेकीला त्यावर उभं केलं. लांबी २०.६ सेंटिमीटर. तिचा उजवा पाय २०.३, डावा १९.९. म्हणजे पुढे तीन मिलिमीटर. सुकतळ्यावर पाच बोटांचे काळपट ठसे उमटले होते, अंगठ्याचा ठसा कडेला चिकटलेला आणि करंगळीचा ठसा नव्हताच. तो शिलाईवर गेला होता. जूनमध्ये दारावर तिची उंची लिहिली होती, त्यावरून ती या काळात बरीच वाढली आहे. तेव्हा बूट कदाचित लांबीला बरोबरही असेल. दुकानदारावरचा राग गेला.

शाळेला अर्ज दिला, सोबत पायाचा आखलेला कागद आणि डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी. वर्गशिक्षिकेने तो कागद हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, माझ्या मुलीचंही बघते. नाडीला परवानगी मिळाली, साधे काळे हवेत एवढीच अट. मंगळवारी संध्याकाळी चार दुकानं फिरलो. तिसऱ्यात पट्टी बसली पण करंगळी सांडत होती. चौथ्यात मुलांच्या कप्प्यात मिळाले. सुकतळा २१.५. एक नंबर. तेरावरून एकवर गेल्याने बाईसाहेब दुकानभर सांगत होत्या, "माझा पहिला नंबर आला!"

नाडी बांधायला अजून शिकतेय. रोज सकाळी दाराशी बसून सशाचे कान करते, एक कान मोठा होतो, सोडते, पुन्हा करते. रिक्षावाले काका थांबतात. फोनमध्ये दर तीन महिन्यांच्या पहिल्या रविवारी "पाय" अशी आठवण लावली आहे.

दगडफूल

पहिल्या नंबराचे पेढे कुठायत? 😊

कृष्णाकाठ

आम्ही काल एक नंबर लहान घेतला. मोठा कपाटात ठेवला, तारीख लिहून. डॉक्टरांना कळावं म्हणून सांगितलं.

खडूफळा

आज शेवटच्या तासाला वर्गात जुने कॅलेंडरचे कागद पसरले. बावीस मुलांचे पाय आखले, एकेकाला उभं करून, मागे एकाने पेन्सिल धरायची, दुसऱ्याने सेंटिमीटर वाचायचे, तिसऱ्याने फळ्यावर लिहायचे. गणिताचा तास आपोआप झाला. दप्तरात बूट आणणाऱ्या मुलाचा पाय सगळ्यांत लांब निघाला, २३.१. त्याने तो आकडा स्वतःच मोठ्या अक्षरात लिहिला. यादी व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवतोय. जून उजाडला की एकदा पुन्हा मोजेन आणि मगच नंबर कळवेन.

@सुकतळा, सेंटिमीटरवरून नंबर काढायचा तक्ता तुमच्याकडे असेल तर इथे टाकाल का? सहावी-सातवीच्या सरांनाही हवा आहे.

सुकतळा

सर, आज दुकान बंद केल्यावर बसतो. तीन कंपन्यांचे सुकतळे मोजून टाकतो, आकड्यानिशी.